खाण्याची वही आणि आपलं ताट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहाराचा सल्ला घ्यायला येणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत छापील तक्ता मागतात. मी तक्त्याऐवजी आठवडाभर स्वतःचं खाणं लिहून आणायला सांगते, आणि मग प्रश्न सुरू होतात. गिरगावातून येणारे असोत की मुलुंडहून, प्रश्न थोड्याफार फरकाने तेच. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवते: मराठी घरातल्या पदार्थांत फारशी खोट नाही. खोट आहे ती प्रमाणात आणि वेळेत.

वहीत नेमकं काय लिहायचं? कॅलरी मोजायच्या का?

कॅलरी नकोत. किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, किती खाल्लं आणि त्या वेळी खरंच भूक होती का, एवढं पुरे. ‘थोडा भात’ असं लिहू नका, ‘दीड वाटी भात’ लिहा. त्याआधी आपल्या घरातल्या वाटीत किती पाणी मावतं ते एकदा मापून घ्या. कुणाची आमटीची वाटी १०० मिलिलिटरची असते, कुणाची २००ची, आणि दोघंही ‘एक वाटी’च म्हणतात.

उभ्याउभ्या खाल्लेलंही लिहायचं. डबे भरताना तोंडात टाकलेला पोळीचा तुकडा, मुलाच्या ताटात उरलेला वरणभात, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक, गाडीत शेजारणीने पुढे केलेली चकली. हे सगळं पोटात जातं, पण ‘खाल्लं’ म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि लिहायचं ते त्याच वेळी, फोनवर लिहिलं तरी चालेल. रात्री आठवून लिहिलेली वही फार सभ्य निघते.

नमुन्याचं एखादं पान दाखवाल का?

बदलापूरहून फोर्टला जाणाऱ्या माणसाचं असं पान अगदी नेहमीचं:

पहाटे ५.४०, चहा आणि दोन बिस्किटं. सकाळी ९.४५, ऑफिसात पोचल्यावर डब्यातले पोहे, वर चहा. दुपारी १.३०, तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. ४ वाजता कटिंग, ५.३० वाजता अजून एक. संध्याकाळी ६.४०, स्टेशनबाहेर वडापाव. रात्री ९.५०, दोन पोळ्या, भाजी, दोन वाट्या भात, आमटी, तळलेला पापड. १०.४५ला झोप.

यातला एकही पदार्थ वाईट नाही. पण दिवसभरात फळ नाही, कच्चं काही नाही, डाळ एकदाच आणि तीही रात्री पावणेदहानंतर. दुपारच्या डब्यात पोळी आणि बटाटा, म्हणजे पिष्टावर पिष्ट. दिवसाचं सगळ्यात मोठं जेवण झोपायच्या तासभर आधी. दीड ते पावणेदहा या आठ तासांत पोटात गेलं ते दोन चहा आणि एक वडापाव. काय बदलायचं हे पान स्वतःच सांगतं, त्यासाठी आहारतज्ज्ञाची फी भरायची गरज नाही.

‘समतोल आहार’ सगळेच म्हणतात. ग्रॅममध्ये सांगा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांचा हिशेब साधारण असा आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम (मांसाहार करणाऱ्यांच्या बाबतीत अंडी-मासे-मटण यातच धरायचं), भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य, डाळी ही सगळी वजनं कच्च्या जिनसांची.

आता हे घरात आणून बघा. २५० ग्रॅम धान्य म्हणजे ३० ग्रॅम कणकेच्या आठ पोळ्या. पण त्या आठांतच सकाळचे पोहे, दुपारचा भात, संध्याकाळचा पाव आणि चहाबरोबरची बिस्किटं बसवायची आहेत. इथे आपण सहज पुढे जातो. भाजीचं उलटं. पाव किलो भेंडीत चौघांचं भागवायची आपली पद्धत, म्हणजे माणशी ६० ग्रॅम. दोन्ही वेळा भाजी केली तरी १२० ग्रॅम. ४०० कुठे आणि हे कुठे! बटाट्याला मी भाजीत धरत नाही, आणि यावरून घरोघरी माझ्याविषयी बरंच बोललं जातं याची मला कल्पना आहे.

एकदम ४०० गाठायला जाऊ नका, महागाई मलाही कळते. आज आहे त्याच्या दुप्पट भाजी आणि पाऊण पट धान्य, एवढं जमलं तरी ताटाचं रूप पालटतं. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, उसळ, आमटी वाढतात. या मांडणीत सगळं आहे. फक्त कोशिंबीर चटणीच्या मापाने वाढली जाते, ती वाटीने वाढायला लागा.

भाजी निवडायला वेळ कुणाला आहे?

खरं आहे. लोकलच्या लेडीज डब्यात गवार मोडत, मेथी निवडत घरी जाणाऱ्या बायका उगाच दिसत नाहीत. पण आता बहुतेक मोठ्या स्टेशनांबाहेर संध्याकाळी निवडलेली, चिरलेली भाजी आणि मोड आलेले मूग-मटकी पिशव्यांत भरून मिळतात. थोडे जास्त पैसे जातात, पण त्या पैशात वडापावच्या गाडीवर थांबायचं टळत असेल तर सौदा वाईट नाही. पिशवी घरी आल्यावर चांगली धुवून घ्या, विशेषतः पावसाळ्यात.

पावसाळ्याचं निघालंच आहे तर: जून-जुलैत पालघर, कर्जतकडच्या आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोली घेऊन दादरसारख्या बाजारात बसतात. वर्षभर मेथी-पालक-मेथी खाणाऱ्यांनी या भाज्या जरूर न्याव्यात. करायची रीत विकणारीलाच विचारा, ती हौसेने सांगते. शेवळं मात्र माहीतगाराच्या हाताखालीच करा. त्यात काकडं किंवा चिंच-कोकमासारखं आंबट पडलं नाही तर घसा असा खाजतो की पुन्हा कुणी रानभाजीचं नाव काढणार नाही.

घरात रोज आमटी असते. तरी प्रोटीन कमी पडतं असं कसं?

प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं भारतातलं प्रमाण सांगतं. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. आता एक साधा शाकाहारी दिवस मांडू. बशीभर पोह्यांतून ४ ग्रॅम, चार पोळ्यांतून १३, भातातून ४, दिवसभराच्या चहातल्या दुधातून ५. राहिली आमटी. चौघांच्या आमटीला १०० ग्रॅम तूरडाळ घातली तर त्यात २२ ग्रॅम प्रथिनं, माणशी साडेपाच. बेरीज ३१ ते ३२. आणि १०० ग्रॅम डाळ हे मी उदार होऊन धरलंय, बऱ्याच घरांत मूठभर डाळीत चौघांची आमटी होते. आमटी रोज असते हे खरंच, पण तिच्यात डाळ किती ते पळी तळाशी फिरवून बघा.

उरलेले १८-१९ ग्रॅम भरून काढायला पावडरचा डबा लागत नाही. मटकीची घट्ट उसळ (३० ग्रॅम कोरडी मटकी) ७ ग्रॅम देते, वाटीभर दही ५, मूठभर भाजलेले शेंगदाणे ६. अंडं खात असाल तर एका अंड्यात ६. यातल्या कुठल्याही तीन गोष्टी दिवसात बसवल्या की झालं. मुगाच्या डाळीचं धिरडं, पिठलं, कुळथाची पिठी हे सगळं याच खात्यात जमा होतं. पिठलं तर दहा मिनिटांत होतं. थकून आलेल्या माणसाने बाहेरून मागवायच्या आधी पिठल्याचा विचार करावा, असं मला फार वाटतं.

मुलगा जिममध्ये जातो, पावडर घ्यायची म्हणतो.

आधी वरचा हिशेब त्याच्याकडूनच मांडून घ्या. खाण्यातून पुरत असेल तर पावडर हा फक्त खर्च. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या कुणीही डॉक्टरांना न विचारता प्रथिनं वाढवू नयेत.

वडापाव सोडावा लागेल का?

नाही. पण तो कशासाठी जन्मला ते लक्षात घ्या. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असं मानतात, आणि गिरणीकामगारांनी तो उचलून धरला. पाळीभर उभ्याने काम केलेल्या, खिशात मोजके पैसे असलेल्या माणसाला हातात धरून चालता चालता खाता येईल असं खाणं. बटाटा, बेसन, मैद्याचा पाव आणि तेल: पोट भरतं, ताकद येते. आज तोच वडापाव आपण दिवसभर खुर्चीत बसून झाल्यावर खातो, आणि पुढे दोन तास गाडीत बसून (जागा मिळाली तर) पुन्हा जेवायला बसतो.

म्हणून माझा आक्षेप वड्यावर नाही, साडेसहाच्या वेळेवर आहे. वही नीट पाहिलीत तर दिसेल की वडापाव आवडीने खाल्लेला क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो अडल्या वेळचा असतो. चार-साडेचारला मूठभर भाजके चणे आणि एखादा पेरू किंवा केळं खाऊन बघा. साडेसहाला गाडीसमोरून जाताना पाय आपोआप थांबत नाहीत. मग शनिवारी मुद्दाम जाऊन, गरम घाण्यातला, सुकी चटणी लावलेला एक वडापाव मजेत खा आणि वहीत ‘भूक होती, मजा आली’ असं लिहा.

घरी पोचायलाच रात्रीचे दहा वाजतात. मग जेवायचं कधी?

जेवण दोन हप्त्यांत करा. डब्यात दोन पोळ्या-भाजी जास्तीची न्या आणि साडेसहा-सातच्या दरम्यान, निघायच्या आधी ऑफिसातच खा. घरी आल्यावर वाटीभर मुगाची खिचडी, ताक-भात किंवा नुसती उसळ आणि कोशिंबीर. ‘सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं असतं’ ही अडचण मला नेहमी सांगितली जाते आणि ती खरी आहे. मुंबईत घरची माणसं एकमेकांना भेटतात तीच मुळी रात्रीच्या ताटावर. बसा ना सगळ्यांबरोबर, फक्त ताट हलकं ठेवा. सासूबाईंना आधी कल्पना द्या, नाहीतर ‘बाहेर खाऊन आली असेल’ असा अर्थ निघतो.

पोळी-भाजी केंद्रातून डबा आणत असाल तर एक रस्सा भाजी, एक सुकी असं न घेता एक उसळ आणि एक पालेभाजी घ्या. वर आलेला तवंग चमच्याने काढून टाकायला लाजू नका. रात्रपाळीवाल्यांनी मोठं जेवण पाळी सुरू होण्याआधी करावं आणि पहाटे तीनच्या भुकेसाठी उकडलेलं अंडं, चणे, फळ असं काही बरोबर ठेवावं.

आम्ही कोकणातले. भात बंद करा असं सगळे सांगतात.

सगळ्यांना सांगू द्या. भात बंद केलेली माणसं दोन आठवड्यांनी पुन्हा भातावर येतात आणि मग मापच सोडतात. एका जेवणात एकच धान्य ठेवा: भात असेल तर पोळी नको, पोळी असेल तर भात नको. भात शिजलेला एक ते दीड वाटी, त्यावर आमटी किंवा कालवण भरपूर, बाजूला भाजी. घरी उकडा तांदूळ चालत असेल तर उत्तम, कारण भात सालासकट उकडताना कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरतं आणि कांडल्यावरही बरंचसं टिकतं. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळात ते फारसं उरत नाही. मधुमेह असेल तर किती भात चालेल ते जेवणानंतरची साखर मोजून ठरवा, शेजाऱ्याच्या अनुभवावरून नको.

भाकरी खाल्ली की वजन उतरतं ना? आणि नाचणी?

भाकरीत चोथा जास्त, पोट लवकर भरतं, तिच्यात तेल पडत नाही, हे सगळं खरं. पण ज्वारीच्या पिठातलं पिष्ट गव्हापेक्षा फार कमी नसतं. तीन पोळ्यांच्या जागी तीन जाडजूड भाकऱ्या खाल्ल्या तर वजन का उतरावं? नाचणीचं मोल वेगळं आहे. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, गाईच्या दुधात १२०च्या आसपास. नाचणीतलं सगळं शरीरात शोषलं जात नाही, तरी दूध न पचणाऱ्यांना आंबील किंवा भाकरी हा चांगला आधार. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून दुकानांत नाचणीची बिस्किटं, नाचणीचे चिप्स यांचा सुकाळ झालाय. पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका.

पाकिटाच्या मागे काय वाचायचं?

घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या पाकिटावर पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं आणि नाचणी-ओट्स शेवटून तिसरे असतील, तर तुम्ही मैदा विकत घेताय. मग १०० ग्रॅममागे साखर आणि सोडियम किती ते पाहा. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर (हृदयाला घातक ठरणारी चरबी) २०२२पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण पुन्हा पुन्हा तापवलेल्या कढईला लेबल नसतं.

मी तर बारीक आहे. मला हे सगळं कशाला?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन या दोघांची उदाहरणादाखल तुलना २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, पोट पुढे, ही आपल्याकडची ठेवण आहे, आणि मधुमेहाच्या दृष्टीने पोटाची चरबीच जास्त त्रासाची. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेप वापरा. कमर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८०च्या आत. श्वास सोडून मापायची, पोट आत ओढून नाही!

दिवसाला चार चहा होतात. चालेल का?

कपात साखर किती? दीड चमचा असेल तर चार कपांत सहा चमचे, म्हणजे ३० ग्रॅम. दिवसभराची वरून घातलेली सगळी साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. म्हणजे बिस्किटं, जॅम, गोडाधोडाआधीच चहाने मर्यादा ओलांडली. टपरीचा चहा कटिंग असला तरी गोडच असतो. ‘साखर कम’ सांगितलं की बहुतेक चहावाले ऐकतात, निदान दुसऱ्यांदा तरी.

दुसरा मुद्दा लोहाचा. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाही, म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा नको. नाश्त्याचे पोहे आणि चहा ही आपली जोडी इथे मार खाते. पोह्यांवर लिंबू पिळतो ती चाल मात्र बरोबर, कारण ‘क’ जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. लिंबू पिळा, चहा तासाने प्या.

मला सतत थकवा येतो. घरातलं सगळं करून मी शेवटी जेवते.

हा प्रश्न बायका विचारत नाहीत. वही वाचल्यावर मीच काढते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्ताचं प्रमाण कमी आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत, पण वहीत जे दिसतं ते असं: सकाळी चार डबे भरले गेले, स्वतःचा नाश्ता नाही, अकरा वाजता कालची पोळी चहात बुडवून. दुपारी उरलेली भाजी. रात्री सगळ्यांची पानं झाल्यावर भात आणि तळाची आमटी, उसळ संपलेली. रविवारी मासे आणले तर मधला तुकडा मुलांना, डोकं-शेपटी आईला. घरात पदार्थ असतात, तिच्या वाटीपर्यंत पोचत नाहीत.

वाढायला बसायच्या आधी स्वतःची वाटी बाजूला काढून ठेवा. यात स्वार्थ नाही, हे मला दर आठवड्याला कुणाला तरी पटवून द्यावं लागतं. शक्य असेल तर सगळ्यांबरोबर बसा. पोळ्या आधी लाटून डब्यात ठेवल्या तर घरचे रुसतील, दोन दिवसांनी खायला लागतील. पालेभाजी, मटकी, अळीव, खजूर हे खाण्यात आणाच, पण थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. पालिकेच्या दवाखान्यात सोय असते. रक्त फारच कमी असेल तर नुसत्या खाण्याने ते लवकर भरून येत नाही, डॉक्टर गोळ्या देतील त्या घ्याव्या लागतात. कामाला पहाटे निघणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करून दुपारी दोनला पहिला घास खाणाऱ्या बाईला हे सगळं सांगताना माझाही आवाज खाली येतो. तिला मी एवढंच म्हणते: घरून निघताना एक भाकरी आणि मूठभर दाणे बरोबर ने, आणि ज्या घरी चहा मिळतो तिथे तो घ्यायच्या आधी ते खा.

मासे रोज खाल्ले तर चालतात का? सुरमई परवडत नाही.

चालतात. आणि सुरमई-पापलेटच्या मागे लागायची गरज नाही. बांगडा आणि तारली स्वस्त असतात आणि हृदयाला हितकर असणारं ओमेगा-३ त्यांत भरपूर असतं. मांदेलीसारखी छोटी मासळी काट्यासकट कुरकुरीत खाता येते, त्यातून कॅल्शियमही मिळतं. मासा चांगलाच आहे, पण रव्यात घोळवून तेलात सोडला की तो तेलाचा पदार्थ होतो. आठवड्यातून निम्म्या वेळा तिरफळ घालून कालवण करा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा सुकट, सोडे, सुके बोंबील निघतात. प्रथिनं उत्तम, पण मीठही तितकंच. रक्तदाब असेल तर कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुवा आणि त्या दिवशी पापड-लोणचं ताटात नको. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, सगळं धरून.

आम्ही पूर्ण शाकाहारी. बी-१२ची भीती खरी आहे का?

खरी आहे. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिज अन्नातूनच मिळतं, आणि शाकाहारी माणसाला त्यासाठी दूध-दही-ताक-पनीर हाच आधार. चहातल्या दुधावर भागत नाही. हातापायाला मुंग्या येणं, विसराळूपणा, जिभेची आग असं काही असेल तर तपासणी करा. शेजारच्या काकूंनी घेतली म्हणून आपणही इंजेक्शन घ्यायचं, असं नको.

उपवासाच्या दिवशी वजन का वाढतं?

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून करतात आणि तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, प्रथिनं नावाला. खिचडीतलं पोषण दाण्याच्या कुटातून येतं, तेव्हा साबुदाणा निम्मा आणि कूट दुप्पट करा. त्याहून बरं म्हणजे वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर, ताक. दुपारी खिचडी, चारला बटाट्याचे वेफर, रात्री साबुदाणावडे हा उपवास देवालाही जड जात असेल.

फळांऐवजी ज्यूस?

फळ चावून खा. ज्यूस सेंटरवरच्या पेल्यात चोथा गाळून जातो आणि साखर आत येते.

तेल कुठलं चांगलं?

‘किती’ आधी विचारा, ‘कुठलं’ नंतर. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी यांत आलटून पालटून करा, खोबरेल आणि तूप हौसेपुरतं. किती ते शेवटच्या प्रश्नात येतंय.

आई एकटी राहते, तिला जेवावंसंच वाटत नाही.

वयानुसार भूक आणि तहान दोन्ही मंदावतात, दात साथ देत नाहीत, आणि एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो. मग चहा-टोस्टवर दिवस निघतो. तिला ताटभर जेवणाचा आग्रह करू नका. मऊ मूगखिचडी, धिरडं, दही, नाचणीची आंबील, चालत असेल तर अंडं, असं थोडं थोडं चार-पाच वेळा. फोनवर ‘जेवलीस का’ असं न विचारता ‘काय जेवलीस’ असं विचारा. वजन आपोआप उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

वही कुणी लिहू नये?

ज्यांना आधीच प्रत्येक घासाची धास्ती वाटते, खाल्ल्यावर अपराधी वाटतं, किंवा जे मुद्दाम उपाशी राहतात, त्यांनी. त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. वयात येणाऱ्या मुलींच्या हातात तर ही वही देऊच नका. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण असेल तर वही लिहा, पण बदल डॉक्टरांना विचारून करा. मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांनी ‘लो सोडियम’ मीठही परस्पर आणू नये, त्यात पोटॅशियम असतं.

मिस्टर वही लिहायला तयार नाहीत. काय करू?

त्यांच्या मागे लागू नका. घराची वही वाण्याकडे आयतीच तयार असते. गेल्या दोन-तीन महिन्यांची किराणा यादी काढा. चार मोठ्या माणसांचं घर धरून हिशेब असा: तेल माणशी रोज २७ ग्रॅम म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन लिटर, आणि त्यातच तूप, लोणी आणि बाहेर खाल्लेलं तेल आलं. त्यामुळे घरात प्रत्यक्ष अडीच-तीन लिटरच यायला हवं. साखर-गूळ मिळून ३ किलो ही शेवटची हद्द. डाळी-कडधान्यं माणशी ८५ ग्रॅमने १० किलोंच्या वर, अंडी-मासे नेमाने खाणाऱ्यांकडे त्याच्या निम्मी चालतील.

बहुतेक याद्यांत तेल ५ लिटर, साखर ५ किलो आणि सगळ्या डाळी मिळून ३ किलो निघतात. मिस्टरांना काही बोलू नका. पुढच्या महिन्याची यादी त्यांना लिहायला द्या, तेलाच्या पुढे ४ आणि मटकी, मूग, चवळी, हरभऱ्याच्या पुढे एकेक किलो तुम्ही सांगा. घरात आलेली मटकी आज ना उद्या भिजतेच.